शाळेच्या पटांगणातला गुलमोहर

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले आणि घाट चढून मावळ, खेड, जुन्नर असे पुढे सरकत गेले. किनाऱ्यावर येताना वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. मावळात पोचेपर्यंत तो कमी झाला, तरी पॉलिहाउसचे कागद फाटले, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. झाडे किती पडली याला तर गणतीच नव्हती. कामशेतच्या बाजूला एका शाळेच्या पटांगणात दोन मोठे गुलमोहर होते. त्यातला एक त्या संध्याकाळी मुळासकट आडवा झाला. टाळेबंदीमुळे शाळा बंद होती, म्हणून पटांगणात कोणी नव्हते.

काही दिवसांनी त्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. "सर, दुसराही तोडून टाकावा असं सगळे म्हणतायत. मुलं डबा त्याच झाडाखाली खातात. एकदा वाटतं, बरोबर आहे. एकदा वाटतं, इतक्या वर्षांचं झाड असं कसं तोडायचं? शिवाय एकजण म्हणाले की ते परदेशी झाड आहे, त्याचा कोणालाच उपयोग नाही, पक्षीसुद्धा बसत नाहीत. खरं काय आहे?"

फोनवर हो किंवा नाही म्हणून मोकळे होण्यासारखा हा प्रश्न नव्हता. झाड कोणत्या हवापाण्यात घडले हे कळले, की ते कोठे तगेल आणि कोठे कमी पडेल याचा अंदाज बांधता येतो. गुलमोहर तर आपल्या इतका ओळखीचा, की त्याच्याबद्दल काही समजून घ्यायचे राहिले आहे असे कोणाला वाटतही नाही.

बागेत उदंड, रानात मोजका

गुलमोहराचे मूळ घर म्हणजे आफ्रिकेच्या पूर्वेला असलेले मादागास्कर बेट. या बेटाच्या पश्चिम आणि उत्तर भागात, बरेचदा चुनखडीच्या खडकांवर, पानझडी जंगले आहेत. तेथे तो रानटी अवस्थेत वाढतो. पण वनस्पतिशास्त्रज्ञांची आणि त्याची ओळख झाली ती रानात नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर लावलेला दिसला. तेथून तो मॉरिशसला गेला आणि १८२९ मध्ये 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन' या लंडनच्या नियतकालिकात त्याचे वर्णन 'पॉइन्सियाना रेजिया' या नावाने छापून आले. पुढे उष्ण कटिबंधातल्या बहुतेक सगळ्या देशांत त्याचे बी पोचले, रस्तोरस्ती झाडे उभी राहिली. रानातला गुलमोहर मात्र शास्त्रज्ञांच्या हाती लागला तो थेट १९३० च्या दशकात, पश्चिम मादागास्करमध्ये. म्हणजे शंभर वर्षे सारे जग ज्या झाडाची फुले पाहत होते त्याचे माहेर नक्की कोणते, हेच ठाऊक नव्हते. आज त्या माहेरची जंगले कोळशासाठी आणि शेतीसाठी तुटत आहेत.

आता त्याचे शास्त्रीय नाव 'डेलोनिक्स रेजिया'. ग्रीक भाषेत 'डेलोस' म्हणजे स्पष्ट दिसणारे आणि 'ओनिक्स' म्हणजे नख. पाकळीचा खालचा भाग अरुंद होऊन नखीसारखा दिसतो, त्यावरून हे नाव आले. 'रेजिया' म्हणजे राजेशाही. जुने नाव इंग्रजीत 'रॉयल पॉइन्सियाना' म्हणून अजून शिल्लक आहे.

आपल्याकडच्या नावांनी मात्र विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. गुलमोहर, पीतमोहर, नीलमोहर हे सख्खे भाऊ असावेत असे कोणालाही वाटेल. त्यातला पिवळ्या फुलांचा पीतमोहर गुलमोहराच्याच कुळातला आहे, पण तो आग्नेय आशियातला. जांभळ्या फुलांचा नीलमोहर, म्हणजे जॅकरांडा, दक्षिण अमेरिकेतला आणि कुळानेही अगदी वेगळा. पानांची ठेवण सारखी दिसते एवढेच. फुलाच्या ठेवणीत गुलमोहरासारखाच दिसणारा एक नातलग कुंपणाला लावलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो म्हणजे शंखासुर. गुलमोहराचे आणि शंखासुराचे फूल शेजारी शेजारी ठेवून उकलून दाखवा. पूर्वी दोघांना एकाच प्रजातीत का घातले होते, हे मुलांना न सांगता कळेल.

चार महिन्यांचा पाऊस

मादागास्करच्या पश्चिमेकडच्या पानझडी जंगलात वर्षाला साधारण १००० ते १५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. उरलेले सहा-सात महिने कोरडे. आता आपला मावळ पाहा. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तेथून रेल्वेने सुमारे ६४ किलोमीटरवर असलेल्या पुण्यात तो ७०० च्या आसपास येतो. लोणावळा, मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव अशी लोकलची स्टेशने मागे पडत जातात तसतसा पाऊस उतरत जातो. एका तालुक्यात इतका फरक दिसणारी जागा पर्यावरण शिकवणाऱ्या शिक्षकाला आयती प्रयोगशाळाच.

एवढ्या पावसाच्या लोणावळ्यात कोरड्या मुलखातले झाड जगते कसे? पाऊस किती पडतो या आकड्यापाशी आपण थांबतो, तो केव्हा पडतो हे विसरतो. लोणावळ्याचे चार हजार मिलिमीटर जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत संपतात. ऑक्टोबरच्या सरी सोडल्या तर पुढे मे अखेरपर्यंत लोणावळाही तळेगावइतकाच कोरडा. उतारावरच्या पातळ मातीतून पाणी भराभर वाहून जाते आणि खाली काळा कातळ असतो. म्हणूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये मावळच्या डोंगरांवर पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण होऊन फुलतात. तीच युक्ती गुलमोहर आपल्या घरून घेऊन आला. त्यामुळे दुष्काळ सोसण्याच्या बाबतीत तो येथे परका नाही. त्याची अडचण वेगळी आहे. ती पावसाळ्याची आहे, आणि त्याबद्दल पुढे पाहू.

गुलमोहर थंडी संपताना पाने गाळू लागतो आणि मार्च-एप्रिलमध्ये बहुधा उघडा होतो. नुसत्या काळ्या शेंगा लोंबत असतात. एप्रिलच्या उत्तरार्धात फुलोरा येऊ लागतो आणि मे महिन्यात झाड पेटल्यासारखे दिसते. पाठोपाठ कोवळी पाने येतात. पण दक्षिण गोलार्धात, मादागास्कर आणि मॉरिशसमध्ये, हेच झाड नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, तिकडच्या उन्हाळ्यात फुलते आणि लोकांना नाताळची आठवण करून देते. आपल्याकडे ते मे महिन्यात फुलते. झाड एकच, कॅलेंडर सहा महिन्यांनी सरकलेले! म्हणजे अमुक महिन्यात फुलायचे असे काही त्याच्या बियांत लिहिलेले नाही. बाहेरच्या खुणा वाचून ते वेळ ठरवते.

या खुणा कोणत्या? कोस्टारिकातल्या पानझडी झाडांचा रॉल्फ बोर्शर्ट यांनी बरीच वर्षे अभ्यास केला. त्यांचे एक निरीक्षण फार उद्बोधक आहे. जमीन कोरडी पडली की पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन झाडाला परवडत नाही आणि पाने गळतात. पाने गळाली की पाण्याचा खर्च थांबतो. मग मुळांनी ओढलेले आणि खोडात साठलेले थोडेसे पाणी खोडात पुन्हा भरते, आणि पाऊस नसतानाही कळ्या फुगून उमलू शकतात. निष्पर्ण झाड म्हणजे झोपलेले झाड, असे आपण समजतो. खरे तर त्याने एक खर्च बंद करून दुसऱ्यासाठी शिल्लक टाकलेली असते. दिवसाची लांबी वाढत जाणे हीसुद्धा उष्ण कटिबंधातल्या अनेक झाडांना मिळणारी खूण आहे.

सावलीचे झाड म्हणून गुलमोहर लावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच, म्हणजे मार्च-एप्रिलच्या परीक्षांच्या दिवसांत, तो सावली देत नाही. आणि तो ऐन बहरात असतो तेव्हा शाळेला सुटी. शाळा उघडते तोवर पावसाने फुले झोडपलेली असतात. शाळेतल्या मुलांच्या वाट्याला या झाडाचा बहर फारसा येतच नाही!

पान, फूल आणि चोरलेली पाकळी

जूनमध्ये शाळा सुरू झाली की गुलमोहराचे एक पूर्ण पान तोडून वर्गात आणावे. 'पान म्हणजे केवढे?' असा प्रश्न टाकावा. मुले हमखास एक इवलीशी पर्णिका दाखवतील. खरे पान अर्धा मीटर लांब असते. मधल्या दांड्यावर दोन्ही बाजूंना उपदांडे, त्यांच्या साधारण पंधरा जोड्या. प्रत्येक उपदांड्यावर पर्णिकांच्या पंचवीसेक जोड्या. हिशोब करा: ३० उपदांडे, प्रत्येकावर ५० पर्णिका, म्हणजे एका पानात १५०० पर्णिका. प्रत्येक पर्णिका जेमतेम एक सेंटिमीटर. मोठे पान उन्हात तापते. बारीक पर्णिका वाऱ्याच्या झुळकीने लगेच निवतात. संध्याकाळी या पर्णिका मिटतात. देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशींत पाणी कमी-जास्त झाल्यामुळे ही हालचाल होते. लाजाळूतही हीच यंत्रणा आहे, फक्त तेथे ती स्पर्शानेही चालते. पान जेथे फांदीला जोडलेले असते तेथे दोन छोटी, पिसासारखी उपपर्णे असतात. तीही शोधायला लावा.

फुलाची ओळख मुलांना आपल्यापेक्षा जास्त असते. कळीची हिरवी साले सोलून ती नखांवर चिकटवायची, पुंकेसरांची डोकी एकमेकांत अडकवून कोंबड्यांची झुंज लावायची, हे खेळ कोणत्याही गावात कोणी शिकवावे लागत नाहीत. सालासारखी दिसणारी ती पाच निदले, बाहेरून हिरवी आणि आतून लाल. पाकळ्या पाच, पुंकेसर दहा. पाच पाकळ्यांतली चार सारखी, तांबडी. पाचवी निराळी: थोडी मोठी, पांढरट-पिवळसर, वर लाल ठिपके आणि रेषा. आंबटसर लागते म्हणून मुले हीच आधी पळवतात. ही पाकळी म्हणजे पाहुण्यासाठी लावलेली पाटी. तिचा अरुंद भाग आतल्या बाजूला वळून नळीसारखा होतो आणि मधाकडे जाणारी वाट तयार होते.

लाल रंग आणि दिवसा उमलणे ही लक्षणे पक्षी आणि फुलपाखरांना बोलावणाऱ्या फुलांची. गुलमोहराच्या प्रजातीत डझनभर जाती आहेत, बहुतेक सगळ्या मादागास्करमध्ये, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची फुले पांढरट असून रात्री उमलतात. त्यांच्यावर निशाचर पतंग येतात. आपला गुलमोहर त्या गोतावळ्यात वेगळा निघाला. मावळात त्याच्या फुलांवर शिंजीर येतो, बुलबुल येतात, मोठे काळे भुंगे येतात. 'गुलमोहरावर पक्षी बसत नाहीत' हे विधान म्हणूनच टिकत नाही. कावळ्याचे घरटेही मी या झाडावर पाहिले आहे. मात्र वड-उंबर वर्षभर जेवढ्यांना पोसतात त्याच्या पासंगालाही गुलमोहर पुरत नाही, कारण पक्ष्यांना खाण्याजोगे मांसल फळच त्याच्याकडे नाही. विधान थोडे खरे, थोडे खोटे असले की ते तोंडी फार लवकर पसरते. बाईंना मी सुचवले की मुलांनाच आठवडाभर झाडाखाली बसवा आणि कोण येते ते लिहायला सांगा.

तलवारीतले बी

फुलानंतर येणारी शेंग सुरुवातीला हिरवी आणि लवचीक असते, मग काळपट-तपकिरी होऊन लाकडासारखी कडक होते. अर्धा मीटर लांब, चारपाच बोटे रुंद. मुलांची तलवार. ती झाडावर वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ लटकून राहते. आत आडव्या कप्प्यांत लांबट, तपकिरी पट्ट्यांचे बी असते, वीस ते चाळीस.

हे बी मातीत टाकून रोज पाणी घाला. महिना गेला तरी बहुतेक बिया जशाच्या तशा राहतात. बी मेलेले नसते. त्याच्या आवरणात उभ्या, दाट रचलेल्या पेशींचा थर असतो आणि तो पाणी आत जाऊ देत नाही. वर्गात करून पाहण्यासारखा याहून सोपा प्रयोग नाही. एकाच शेंगेतल्या बिया घेऊन त्यांचे चार गट करावेत. पहिला गट तसाच ठेवावा. दुसरा रात्रभर साध्या पाण्यात भिजवावा. तिसऱ्यातल्या प्रत्येक बीची एक बाजू सँडपेपरवर घासावी, आतला फिकट भाग दिसेपर्यंत, आणि मग भिजवावे. चौथ्यावर उकळून चुलीवरून उतरवलेले पाणी शिक्षकांनी स्वतः ओतावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. भिजवण्याआधी आणि नंतर प्रत्येक गटाचे वजन करावे. घासलेल्या बिया सकाळी फुगून बुळबुळीत झालेल्या दिसतील. साध्या पाण्यातल्या बहुतेक बियांचे वजन वाढलेले नसेल. मग सगळ्या कुंडीत लावाव्यात आणि कोणत्या गटातल्या किती, कितव्या दिवशी उगवतात ते मांडावे.

झाडाने स्वतःच्या बियांना असे कुलूप का लावावे? मावळातला शेतकरी याचे उत्तर देईल. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, एखाद्या संध्याकाळी मातीचा वास सुटतो, ओढ्यालाही पाणी येते, आणि पुढे तीन आठवडे पुन्हा रखरखाट. त्या सरीवर विश्वासून उगवलेले रोप मरणारच. कडक आवरणाचे बी अशा सरीला फसत नाही. ऊन-पावसाचे तडाखे खाऊन, खरवडले जाऊन, सगळ्या बियांची आवरणे एकाच वेळी नव्हे तर मागेपुढे उघडतात. काही यंदा, काही पुढच्या वर्षी. एक हंगाम वाया गेला तरी सगळे बी वाया जात नाही.

एवढे असूनही सह्याद्रीच्या जंगलात गुलमोहर आपला आपण पसरलेला दिसत नाही. घाणेरी आणि रानमोडी याही परदेशीच, पण त्यांनी डोंगर व्यापले. गुलमोहर माणसाने लावला तेथेच राहिला. 'परदेशी' हा एकच शब्द या तिघांना लावून भागत नाही. खंडाळ्यात स्वतःहून काय वाढते हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी फादर सांतापाव यांचे 'द फ्लोरा ऑफ खंडाळा' हे १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक एखाद्या ग्रंथालयात मिळवून चाळावे. बोरघाटाच्या माथ्यावरच्या एका छोट्या टापूची वनस्पतिसृष्टी त्यात नोंदलेली आहे.

उपटलेली मुळे

प्रवासाला परवानगी मिळाल्यावर मी ती शाळा पाहायला गेलो. पडलेल्या झाडाचे खोड कापून नेले होते, पण मुळांचा पसारा अजून उभा होता. परातीसारखा. रुंद, चपटा, आणि खाली खोल गेलेले जाड मूळ जवळजवळ नाही. गुलमोहराची मुळे जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात. म्हणून तो फरसबंदी उचलतो, भिंतीला तडे देतो. तेथे तर मुरमाच्या दोन हातांखाली कातळच होता.

मुळांवर आम्ही आणखी एक गोष्ट शोधली आणि ती नव्हती. 'शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूंच्या गाठी असतात' असे आपण सरसकट शिकवतो. गुलमोहराला शेंगा येतात, पण गाठी येत नाहीत. त्याच्या नात्यातल्या पुष्कळ झाडांत हेच दिसते. पांगारा, करंज, शिरीष यांच्या मुळांवर मात्र त्या असतात. पाठ्यपुस्तकातले वाक्य 'बहुतेक' या शब्दाने दुरुस्त करून घ्यावे.

आता वादळाचा विचार तरफेच्या नियमाने करू. गुलमोहराची छत्री रुंद असते, पुष्कळदा उंचीइतकीच, आणि फांद्या जवळजवळ आडव्या जातात. आडवी लांब फांदी म्हणजे लांब भुजा. टोकाला वजन वाढले की बुंध्यापाशी त्याचा परिणाम कित्येक पटींनी होतो, आणि या झाडाचे लाकूड ठिसूळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात झाडावर फुलांचे घोस, कोवळी पाने आणि गेल्या वर्षीच्या शेंगा असे सगळे एकदम असते, वर पावसाचे पाणी. वारा हे सगळे शिडासारखे ढकलतो आणि खाली धरायला असते ती एक परात. हेच वादळ मार्चमध्ये आले असते तर उघड्या झाडाने ते कदाचित सोसलेही असते.

लोणावळ्याच्या बाजूला याच्या जोडीला चार महिन्यांची संततधार असते. तुटलेल्या फांदीची जखम वाळतच नाही. तेथून बुरशी शिरते आणि खोड आतून पोखरत जाते. वरून झाड हिरवेगार, बुंध्याशी मात्र कंसासारखी कडक भूछत्रे. गुलमोहराची पावसाळ्याची अडचण म्हणतात ती ही.

पण त्या शाळेतले झाड नुसते गुलमोहर होते म्हणून पडले नव्हते. परातीची एक कड सरळ रेषेत कापलेली होती. काही वर्षांपूर्वी कुंपणभिंतीचा पाया खणताना मुळे तोडली गेली होती आणि ती टोके कुजून काळी पडली होती. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक अगदी सालीपर्यंत बसवलेले. झाड पडले ते तुटलेल्या मुळांच्या विरुद्ध दिशेला. दोराचा एक ताण कापला की तंबू जसा पडतो, तसेच.

दुसरे झाड भिंतीपासून लांब होते. बुंध्याशी भूछत्रे नव्हती, ठोकून पाहिले तर पोकळ आवाज नव्हता, मुळांपाशी जमिनीला भेग नव्हती, खोड एका बाजूला झुकलेले नव्हते. बाईंना मी सांगितले की तोडायची घाई करू नका. पेव्हर ब्लॉक दोन-तीन मीटरपर्यंत काढून माती मोकळी करा. डबा खायच्या जागेवर आलेल्या दोन लांब आडव्या फांद्या मे महिन्याच्या आत जाणकाराकडून हलक्या करून घ्या, पण शेंडा छाटून झाडाचा खुंट करू नका, कारण छाटल्यावर फुटणाऱ्या फांद्यांचा जोड आणखी कच्चा असतो. वादळी पावसाच्या दिवशी मुलांना त्याच्याखाली बसू देऊ नका. दरवर्षी पावसाळ्याआधी हीच चार ठिकाणे पुन्हा तपासा. आणि कधी तोडायची वेळ आलीच, तर शहरी भागात १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लोणावळा आणि तळेगावच्या शाळांनी हे ध्यानात ठेवावे.

पडलेल्या झाडाच्या जागी काय लावावे, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. पुन्हा गुलमोहर लावू नये असे माझे मत पडले. तो परदेशी म्हणून नव्हे. पातळ माती, जवळ भिंत आणि खाली रोज मुले, ही जागा त्याची नव्हे म्हणून. स्थानिक झाडे सगळीच वादळाला पुरून उरतात असेही नाही. पांगाऱ्याचे आणि काटेसावरीचे लाकूडही मऊच असते. उन्हाळ्यात सावली हवी असेल तर करंज चांगला, कारण ऐन उन्हाच्या तोंडी त्याला नवी पालवी येते. फुले हवी असतील तर बहावा किंवा आपले राज्यफूल ताम्हण. दोन्ही गुलमोहराच्याच दिवसांत फुलतात, आकाराने आटोपशीर राहतात. गुलमोहराखाली इतर रोपे नीट वाढत नाहीत, असाही अनुभव आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तैवानमधल्या एका अभ्यासात त्याच्या पानाफुलांतली काही द्रव्ये इतर रोपांची वाढ रोखतात असे दिसले होते. म्हणून नवे रोप जुन्या झाडाच्या छत्रीबाहेरच लावावे.

ब्लॅटर आणि मिलार्ड यांच्या 'सम ब्युटिफुल इंडियन ट्रीज' या जुन्या पुस्तकात गुलमोहरालाही जागा मिळाली आहे. शंभर-दीडशे वर्षांत तो इतका आपला झाला. त्याला लावायची जागा निवडताना मात्र तो कोठून आला हे आठवावे. मोकळे माळ, रुंद रस्त्याच्या कडा, वडगाव-तळेगावकडचा कमी पावसाचा भाग येथे तो शोभतो.

बाईंनी आता उरलेल्या झाडाची वही घातली आहे. शेवटचे पान गळाले तो दिवस, पहिली कळी, पहिले फूल, झाड अर्धे फुलले तो दिवस, पहिला मोठा पाऊस, नव्या हिरव्या शेंगा किती, अशी सहा रकाने. मे महिन्यातल्या नोंदी शाळेजवळ राहणारी मुले करतात. लोणावळ्यातल्या आणि तळेगावातल्या एकेका गुलमोहराची अशीच वही असेल तर पाऊस वाढतो तसा बहर लवकर आटोपतो का आणि शेंगा कमी धरतात का, हे तीन वह्या शेजारी ठेवून पाहता येईल. त्या दोन गावांतल्या शाळांच्या शोधात त्या आहेत.